आक्कानं न घेतलेली ज्वारी

आक्का गेली त्याला महिना उलटून गेला. भेटायला येणारी माणसं अजून येतात. ओट्यावर बसतात, पाणी घेतात, आणि मग कुणीतरी तिच्या कोर्टाची गोष्ट काढतं. गोष्ट दर वेळी थोडी वाढलेली असते. कुणी म्हणतं, तिनं भर कोर्टात जमिनीच्या मालकाला रडवलं. कुणी म्हणतं, तिच्या पाठीशी एक मोठा पुढारी होता. एका पाहुण्यानं तर सांगितलं की आक्कानं मेंढरंच कोर्टाच्या आवारात नेऊन उभी केली होती. माझा भाचा, म्हणजे आक्काचा मुलगा, हे ऐकून माझ्याकडं बघतो. मी काही बोलत नाही. सांत्वनाला आलेल्या माणसाची चूक काढू नये एवढं मला कळतं. पण घडलं ते याहून साधं होतं, आणि मला वाटतं, याहून मोठं होतं. म्हणून ते जसं घडलं तसं लिहून ठेवतो आहे.

आक्का माझी थोरली बहीण. आईबापाच्या घरी मेंढरं होती, सासरी पेडगावलाही मेंढरंच. मी जिंतूरला कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली. आमच्या घरात शाळेत गेलो तो मी एकटाच. माझ्या वाटणीची राखण तिनं आपल्याकडं घेतली म्हणून जाता आलं. याबद्दल ती कधी बोलली नाही. मी बोलायला गेलो तर म्हणायची, "तुला मेंढरं वळायलाच येत न्हवती. कळप कुठं अन् तू कुठं. शाळेत घातला म्हून मेंढरं वाचली."

दाजी लवकर गेले. त्यांच्या वाट्याचा एक तुकडा सातबाऱ्यावर होता, ओढ्याच्या कडेला, काळ्या मातीचा. पिकाला बरा, पण मेंढरांना वाईट. पावसाळ्यात तिथं पाऊल घातलं की घोट्यापर्यंत चिखल. मेंढरू रात्रभर चिखलात उभं राहिलं की त्याची खुरं सडतात, ते लंगडायला लागतं, मग खात नाही. दर श्रावणात आक्काची चार-दोन मेंढरं अशी जायची. तिला मुरमाड, उंचावरची जागा हवी होती, जिथं पाणी थांबत नाही. आयुष्यभर तिनं मागितलं ते एवढंच: मेंढरांना कोरडं उभं राहता येईल अशी स्वतःची जमीन.

अशी जमीन मालकाकडं होती. गावातले एक मोठे शेतकरी. आक्का त्यांना मालक म्हणायची, म्हणून मीही तसंच लिहितो. सडकेच्या बाजूला त्यांचं एक हलकं रान होतं. खडक वर आलेला, माती पातळ. अशा रानाला खत लागतं, म्हणून दर उन्हाळ्यात पिकं निघाली की ते आक्काची मेंढरं तिथं बसवून घ्यायचे. आमच्याकडं ही जुनी रीत आहे. संध्याकाळी रानात वाघर लावायची, म्हणजे जाळ्याचं कुंपण; मेंढरं रात्रभर आत बसतात, त्यांच्या लेंड्यांनी आणि मुतानं जमीन तयार होते. दुसऱ्या दिवशी वाघर थोडी पुढं सरकवायची. असं करत सगळं रान झालं की शेतकरी मेंढपाळाला ज्वारी देतो. किती द्यायची हे दोघांना ठाऊक असतं. फुकट कुणी बसवत नाही आणि फुकट कुणी बसवून घेत नाही.

त्या रानाच्या सौद्याची गोष्ट मालकांनीच काढली. मुलीचं लग्न जवळ आलं होतं. त्यांच्याच ओसरीत बाँडवर करारनामा झाला. मी तो मोठ्यानं वाचून दाखवला, दोन साक्षीदारांनी सह्या केल्या, आक्कानं अंगठा उमटवला आणि पदराच्या गाठीतला इसार मालकांच्या हातावर ठेवला. उरलेली रक्कम अक्षय तृतीयेला द्यायची आणि त्याच दिवशी खरेदीखत करून घ्यायचं, असं ठरलं.

अक्षय तृतीया तोंडावर आली तेव्हा मालक म्हणाले, "आक्का, लग्नाच्या गडबडीत रजिस्ट्रीला यायला जमायचं न्हाई. दिवाळी होऊ दे, मग निवांत करू."

"करा की," आक्का म्हणाली. "रान काय पळून जायलंय का?"

हे बोलणं झालं तोंडी. कागदावर मुदत वाढवून घ्यावी हे तिच्या मनातही आलं नाही.

दिवाळीच्या आधी सडक रुंद होणार असल्याची बातमी आली. परभणीचा एक व्यापारी गाडी घेऊन येऊ लागला आणि सडकेकडच्या रानांसमोर उभा राहून फोनवर बोलू लागला. दिवाळी झाली. मालक आक्काच्या घरी आले, ओट्यावर बसले, चहा घेतला. मी सुट्टीला तिथंच होतो.

"आक्का, पोरं ऐकायला तयार न्हाईत," ते म्हणाले. "इसाराच्या दुप्पट देतो. मोकळं करा मला."

"मी काय तुमाला दाव्याला बांधलंय का मालक, मोकळं करायला?"

"तसं न्हाई. सौदा मोडू."

"बाजारात बैलाचा सौदा मोडतेत. बैल मारका निघला तर. तुमचं रान मारकं निघलं का?"

भाच्याच्या बायकोला आतून हसू फुटलेलं मला ऐकू आलं. मालक मात्र हसले नाहीत. चहा अर्धा ठेवून उठले. जाताना मला म्हणाले, "मास्तर, तुमी शिकलेले. तुमी सांगा आक्काला." मी मास्तर नव्हतो, पण गावात पुस्तकं वाचणाऱ्याला मास्तरच म्हणतात.

आठवडाभरात आम्ही परभणीला एका वकीलबाईंकडं गेलो. मध्यम वयाच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी करारनामा दोनदा वाचला आणि आक्काकडं बघून, मला मध्ये न घेता, तिलाच सगळं समजावून सांगितलं. ते मला फार आवडलं.

"बाई, समोरच्यानं करार मोडला की तुमच्यापुढं दोन रस्ते असतात," त्या म्हणाल्या. "एक, इसार परत घ्यायचा, वर नुकसानभरपाई मागायची. हा रस्ता सोपा. दुसरा, कोर्टाला सांगायचं की मला पैसे नकोत, करारात ठरलंय ते रानच द्या. मग कोर्ट त्यांना खरेदीखत करून द्यायचा हुकूम देऊ शकतं. हा लांबचा रस्ता. यात वर्षं जातात."

"आन् तवर त्येनी त्या व्यापाऱ्याला इकलं तर?"

"दाव्यासोबत लगेच मनाई हुकूम मागू. निकाल लागेपर्यंत विकायचं नाही असा. शिवाय पेपरात जाहीर नोटीस देऊ, म्हणजे घेणारा उद्या मला माहीत नव्हतं असं म्हणू शकणार नाही. आणि दाव्यातच लिहू, की रान देता येणारच नसेल तर निदान इसार आणि भरपाई द्या. म्हणजे दोन्ही दारं उघडी. पण आधी त्यांना वकिलाची नोटीस, उत्तर द्यायची संधी. आणि करार मोडल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. तिथं तुम्ही वेळेत आहात."

आक्कानं विचारलं, "रान मिळायला काय लागतंय?"

"एकच गोष्ट सिद्ध करावी लागते. तुम्ही तुमचा भाग पुरा करायला पहिल्या दिवसापासून तयार होतात आणि राजी होतात. मधे एक दिवसही मागं सरला नाहीत."

तयार आणि राजी. नंतर घरी येऊन मी कायद्याचं पुस्तक काढून ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. मी आयुष्यभर पुस्तकं हाताळली, पण माझ्या बहिणीचं इतकं नेमकं वर्णन कुठं वाचलं नव्हतं.

वकीलबाईंची अडचण अशी होती की अक्षय तृतीयेला आक्का तयार होती याचा कागद नव्हता. उरलेली रक्कम ती मेंढरं विकून देणार होती, आणि मालकांनी दिवाळी म्हटल्यावर तिनं विक्री पुढं ढकलली होती. समोरचा वकील म्हणणार, मुदत गेली, बाईकडं पैसे नव्हते, सौदा आपोआप संपला.

"मुदत वाढवली याला साक्षीदार?"

"मी हाय की."

"तुमच्याशिवाय."

आक्का चिडून, स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "औंदा म्या ज्वारीबी घेतली न्हाई. मालक देत होते. म्हणलं, आपल्याच रानात बसवल्याची ज्वारी कुणाकडून घ्यायची? सगळा उन्हाळा फुकट बसवली. आता म्हणायलेत सौदाच न्हाई."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "कधी बसवली? अक्षय तृतीयेच्या आधी की नंतर?"

"नंतरबी. मिरगापतुर."

"थांबा. सुरुवातीपासून सांगा." आणि मग त्यांनी रीत काय, ज्वारी कोण कुणाला देतं, कधी देतं, फुकट कधी बसवतात का, हे सगळं बारकाईनं विचारून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "एक लक्षात ठेवा. ताबा मिळाला होता असं कुठंही म्हणायचं नाही. करारात ताबा दिलेला नाही."

"ताबा कसला बाई," आक्का म्हणाली, "मेंढरं सकाळी उठून जातेत."

नोटीस गेली. उत्तर आलं, ते नकाराचं. दावा लागला, मनाई हुकूम मिळाला. व्यापाऱ्यानं सडकेपलीकडचं दुसरं रान घेतलं. आणि आक्कानं, वकीलबाईंनी सांगण्याची वाट न बघता, निम्मा कळप विकला आणि रक्कम बँकेत ठेवली. त्या दिवशी मी गेलो होतो. गाडीत मेंढरं चढवताना ती एकेकाच्या पाठीवर हात ठेवत होती. गाडी गेल्यावर वाघर लावायला लागली, तर ती फार मोठी वाटायला लागली. मग तिनं ती दुमडून लहान केली.

गावात बोलणं सुरू झालं. "मेंढरंबी गेली, रानबी गेलं," असं पाणवठ्यावर तिला ऐकवायचे. "दुप्पट इसार घेतला असता तर आज नवं घर असतं." ती म्हणायची, "घरात मेंढरं कशी बसवू? तुमी येता का बसायला?"

तारखा चालू झाल्या. आक्का प्रत्येक तारखेला यायची. कोर्टाच्या आवारात लिंबाखाली आपली घोंगडी पसरायची, स्वतःच्या लोकरीची, काळी. भाकरी आणि ठेचा फडक्यात. मी जिंतूरहून एसटीनं येऊन तिच्याशेजारी बसायचो आणि पुस्तक उघडायचो. थोड्या वेळानं ती म्हणायची, "काय लिवलंय?" मी सांगायचो. ती ऐकायची, मधेच झोपायची. पुढं पुढं आवारातले लोक तिला ओळखू लागले. दुसऱ्या खटल्यातल्या बाया घोंगडीच्या कडेला येऊन बसायच्या. मालक पलीकडं चहाच्या टपरीवर उभे असायचे. दोघं एकमेकांना बघून मान हलवायचे, बोलायचे नाहीत.

आक्काची साक्ष झाली त्या दिवशी समोरच्या वकिलांनी विचारलं, "तुम्हाला लिहितावाचता येतं?"

"न्हाई."

"मग करारात काय लिहिलंय हे तुम्हाला कसं कळलं?"

"माझ्या भावानं वाचलं. तवा मालक मान हलवत होते. खोटं वाचलं असतं तर मान थांबली असती."

न्यायाधीश खाली बघून लिहीत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काही आलं का मला दिसलं नाही, पण मागं बसलेल्या एका माणसानं खोकल्याचं निमित्त केलं.

मालकांच्या उलटतपासणीच्या आदल्या तारखेला वकीलबाई आम्हाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ज्वारीचं त्यांना विचारायचं का हा प्रश्न आहे. उत्तर माहीत नसेल तो प्रश्न उलटतपासणीत विचारू नये. ते म्हणू शकतात, ज्वारी दिली होती. मग आपल्याकडं काही उरत नाही."

"इचारा," आक्का म्हणाली.

"ते खोटं बोलले तर?"

"मालकाला लालूच सुटलीया. पर ज्वारीचं खोटं न्हाई बोलणार ते. खळ्यावर उभा ऱ्हायलेला माणूस हाय."

वकीलबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "तिनं त्यांना माझ्याहून जास्त बघितलंय."

मालकांच्या उलटतपासणीच्या दिवसाचं माझ्या मनात फारसं काही राहिलेलं नाही, पंख्याचा आवाज आणि हे बोलणं सोडून.

"दरवर्षी मेंढ्या बसवल्याबद्दल वादीला काय देत होतात?"

"ज्वारी."

"न देता कधी बसवून घेतल्या आहेत?"

"न्हाई. तसं कुणीच करत न्हाई."

"करार झाला त्या उन्हाळ्यात, अक्षय तृतीया उलटून गेल्यावर, दाव्याच्या जमिनीत वादीच्या मेंढ्या बसल्या होत्या?"

"व्हय."

"त्या वर्षी ज्वारी दिलीत?"

मालकांचे वकील अर्धे उठले आणि परत बसले. मालक पिंजऱ्याच्या लाकडी कठड्यावर हात ठेवून उभे होते. त्यांनी समोर बघितलं नाही. आक्काकडंही बघितलं नाही.

"देत होतो," ते म्हणाले. "त्येनी घेतली न्हाई."

"का घेतली नाही? काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, आपल्याच रानात बसवल्याची ज्वारी कुणाकडून घ्यायची."

"आणि त्यावर तुम्ही काय म्हणालात?"

न्यायाधीशांनी मान वर केली.

"म्या म्हणलं, बरं."

पोतंभर कागद त्या खटल्यात दाखल झाले, पण निकाल उभा राहिला तो या 'बरं'वर. मुदत उलटल्यावरही दोघांनी सौदा जिवंत धरला होता, आणि वादी आपला भाग पुरा करायला तयार आणि राजी होती, असं कोर्टानं लिहिलं. उरलेली रक्कम तिनं कोर्टात भरायची, मालकांनी ठरलेल्या मुदतीत खरेदीखत करून द्यायचं. न दिल्यास कोर्टाचा माणूस त्यांच्या वतीनं सही करेल. निकाल मी तिला लिंबाखाली वाचून दाखवला. ती मान हलवत होती. मी मुद्दाम एका ठिकाणी थांबलो. "थांबू नगं," ती म्हणाली, "पुढं वाच."

मालकांनी अपील केलं नाही. पण रजिस्ट्रीलाही आले नाहीत. मुलांनी येऊ दिलं नाही असं लोक म्हणत. शेवटी कोर्टाच्या कर्मचाऱ्यानं दस्तावर सही केली. कायद्यानं ती मालकांच्याच सहीइतकी पक्की. आक्का मात्र दाराकडं बघत होती. "इसार ज्या हातानं घेतला, खत त्याच हातानं व्हायला पायजे होतं," एवढंच म्हणाली. सातबाऱ्यावर नाव चढलं तेव्हा तिनं तो कागद घोंगडीत गुंडाळून घरी आणला आणि मला त्यातलं तिचं नाव बोटानं दाखवायला लावलं.

त्या पावसाळ्यात मेंढरं मुरमावर बसली. एकही लंगडलं नाही. कळप हळूहळू वाढला आणि दुमडलेली वाघर पुन्हा उलगडली.

मालकांच्या उरलेल्या रानात मात्र दोन उन्हाळे कुणाचीच मेंढरं बसली नाहीत. दुसऱ्या मेंढपाळांनी का कोण जाणे, पण तिथं वाघर लावली नाही. तिसऱ्या चैत्रात आक्का त्यांच्या बांधावरून कळप घेऊन चालली होती, मी सोबत होतो. मालक रानात उभे होते.

"मालक," ती थांबून म्हणाली, "रान भुकेलंय तुमचं."

"दिसायलंय की," ते म्हणाले. मग, "याल का?"

"येईन. पर औंदा ज्वारी घेईन."

मालक हसले. करारनामा झाल्यापासून मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघत होतो. त्यानंतर दर उन्हाळ्यात ती बसवत राहिली, या चैत्रातही बसवली. मग आजारी पडली, आणि ज्वारी आणायची राहून गेली.

परवा मालक आले. आता काठी घेऊन चालतात. मागं गड्याच्या डोक्यावर पोतं होतं. ओट्यावर आधीच चार माणसं बसलेली, आणि त्यातला तोच गोष्ट वाढवणारा पाहुणा, मालकांना न ओळखता, सांगत होता की आक्कानं जमीनवाल्याला कोर्टात कसं ढसाढसा रडवलं. भाच्यानं मान खाली घातली. मालक काठीवर दोन्ही हात ठेवून शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"रडवलं न्हाई," ते म्हणाले. "खरं इचारलं. मी खरं सांगितलं. आमच्या दोघात तेवढं राह्यलं होतं."

पाहुण्याच्या लक्षात आलं असावं, तो चप्पल शोधू लागला.

मालकांनी गड्याला खूण केली. पोतं ओट्यावर उतरलं. "आक्काची ज्वारी हाय," ते भाच्याला म्हणाले. मग खाली बघत, "पुढल्या साली बसवशील का रं आमच्या खालच्या रानात?"

भाच्यानं माझ्याकडं बघितलं. मी काहीच खूण केली नाही. ते त्याचं त्यानं ठरवायचं होतं.

"बसवू की मालक," तो म्हणाला. "ज्वारी घेऊ."

त्यांना सडकेपर्यंत पोचवायला मी गेलो. आदल्या दिवशी पाऊस झाला होता, ओढ्याकडची वाट चिखलानं भरलेली. आम्ही वरच्या अंगानं गेलो. आक्काच्या रानात मेंढरं उभी होती. मालक थांबले आणि मेंढरांच्या पायांकडं बघू लागले. खुरं कोरडी होती.